मापाचं भांडं

माझी जीभ तिखट आहे. वॉर्डातले नातेवाईक मला पाठीमागं 'मिरची सिस्टर' म्हणायचे. ते मला ठाऊक होतं आणि थोडंफार आवडतही होतं. हृदयाच्या रुग्णाच्या उशाखालून लोणच्याची बाटली काढून जप्त करायची म्हणजे गोड बोलून भागत नाही. पण एका म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत माझ्या या जिभेनं जे केलं ते मला अजून सलतं, म्हणून लिहून ठेवते आहे.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डात होते. दहा खाटा, दिवसपाळीला एक नर्स, आणि दोन वॉर्डांत मिळून एक मावशी. मावशी सकाळी झाडलोट करायची आणि मग ओपीडीत अडकून पडायची. त्यामुळं रुग्णांची लघवीची भांडी उचलायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडंच असायचं. मला त्याची कधी शिसारी आली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी आली असेल, पण ते वर्ष आता आठवत नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. युसूफ वडगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एक माणूस आपल्या आईला रिक्षात घालून घेऊन आला. घरी म्हशी आणि कापूस, म्हणून सून मागं राहिली होती. म्हातारी सत्तरीची असेल. दम इतका की आडवं होता येईना. हृदय थकलेलं, म्हणून अंगात पाणी साठलेलं. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तो भरून यायला बराच वेळ लागायचा. लहानपणी तिनं उजव्या पोटरीवर विंचू गोंदवून घेतला होता. सुजेनं कातडी ताणून त्याचा खेकडा झाला होता. मी तिला विचारलं, आजी, हा विंचू आहे का खेकडा? धापा टाकत असतानाही ती हसली, आणि मला ती तिथंच आवडली.

अशा रुग्णाला आम्ही लघवीचं इंजेक्शन देतो. त्यानं अंगातलं साठलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं आणि छातीवरचा भार उतरतो. ऐकायला सोपं वाटतं, पण ते देणाऱ्याला डोळे उघडे ठेवावे लागतात. आधी बीपी बघायचं. शिरेतून हळूहळू सोडायचं, घाई केली तर रुग्णाच्या कानात घुमायला लागतं. पहिलं सकाळी द्यायचं आणि दुसरं दुपारी लवकर, म्हणजे रात्री उठबस होत नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं तर त्याच्याबरोबर अंगातले क्षारही जातात. मग पायात गोळे येतात, उठलं की अंधारी येते, ठोके चुकायला लागतात. म्हणून रुग्ण किती पाणी प्यायला आणि किती लघवी झाली ते मापून लिहायचं, आणि रोज सकाळी पोटात काही जायच्या आत एकाच काट्यावर वजन करायचं. ट्रेनिंगला आमच्या मॅडम सांगायच्या, पोरींनो, माणसाला लाज असते, काट्याला नसते, काट्याला विचारा. आम्ही तेव्हा तोंडाला रुमाल लावून हसायचो.

पहिल्या दिवशी तिला खाटेवरून हलताच येत नव्हतं. मी बेडपॅन लावायचे, मग कडेला रेघा असलेल्या मापाच्या भांड्यात ओतून आकडा लिहायचे. संध्याकाळपर्यंत दीड लिटरच्या वर गेलं. दम उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून चहा पीत होती. वजन करायचं तेवढं राहिलं. काटा ओपीडीत, मधल्या मैदानापलीकडं. चाकाच्या खुर्चीचं एक चाक जाम झालेलं. वजनाच्या रकान्यात मी पेन्सिलनं 'उद्या' असं लिहिलं.

रुग्णाला बोलतं करायचं तर मी आधी गाव विचारते. ही माझी जुनी खोड. माणूस गावाबद्दल बोलायला लागला की सुई टोचलेलीही त्याला कळत नाही. तिनं सासरचं गाव सांगितलं, मग मी माहेरचं विचारलं. मांजरसुंब्याच्या अलीकडच्या ज्या लहानशा गावाचं नाव तिनं घेतलं, ते माझंच गाव निघालं.

मी तसं म्हटल्याबरोबर तिनं माझा सुईचा हात धरला. "कुन्या घरची गं तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि आमच्या घराची खूण सांगितली: पारामागची गल्ली, दारातला हौद. तो हौद बुजवला तेव्हा मी सहा वर्षांची होते.

"मंग मी तुजी आत्या झाले की," ती म्हणाली.

माझी आई गेली तेव्हाच माझं माहेर संपलं होतं. गावाकडं जायला कारण उरलं नव्हतं, घरही विकलं गेलं होतं. त्यामुळं चाळिशी उलटलेल्या बाईला कुणीतरी 'पारामागची पोर' म्हणतं, याचा मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून मी तिला आत्या म्हणायला लागले आणि तिनं मला सिस्टर म्हणणं सोडून 'बाय' म्हणायला सुरुवात केली. नर्स म्हणूनही मी खूश होते, कारण जीव लावणारा रुग्ण सांगितलेलं ऐकतो. तिथंच मी चुकले.

आमच्याकडं माहेरचं माणूस दारात आलं की बाई हातातलं काम टाकते. पाय धुवायला पाणी, मग गूळ, मग चहा. त्याला उठून पाण्याचा तांब्यासुद्धा घेऊ देत नाहीत. त्याच्या हातून घरातलं काम करवून घेणं म्हणजे आपणच आपल्या माहेराला खाली बघायला लावणं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, मी त्याच गावात वाढले होते. तरी त्या दुपारी मी तिच्या खाटेखालचं भांडं उचललं तेव्हा तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं, आणि मला वाटलं तिला थंडी वाजते आहे. मी तिचं पांघरूण वर ओढलं आणि भांडं घेऊन गेले.

तिसऱ्या दिवसापासून भांड्यात लघवी कमी यायला लागली. दिवसभर मापून तीनशे मिलीच भरली. इंजेक्शन दोनदा देऊन तीनशे, म्हणजे ते लागू पडत नाही, नाहीतर ही बाई चोरून पाणी पिते आहे, असा मी सरळ अर्थ काढला. पहिल्या दिवशी त्याच इंजेक्शननं दीड लिटर झालं होतं, ते मी विसरलेच. माझा आवाज चढला. आत्या, किती पाणी पिता लपून? आम्ही इथं मरमर करायची आणि तुम्ही तांबे रिचवायचे? सगळा वॉर्ड ऐकत होता. बाहेर बाकावर बसलेल्या मुलालाही मी बोलावून घेतलं आणि आईला चहावर चहा पाजतो म्हणून झाडलं. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. आत्या घाबरलेली दिसली, एवढं मला आठवतं.

डॉक्टर तरुण होते, कामाला चांगले. त्यांनी कागदावरचा आकडा पाहिला आणि वजन विचारलं. मी म्हटलं, उद्या करते. त्यांनी इंजेक्शन दुप्पट केलं. कागद बघून कुणीही तेच केलं असतं.

चौथ्या दिवशी भांड्यात अडीचशे. त्याच दिवशी मी तिच्या पायांना तेल लावलं आणि बघते तर खेकड्याचा पुन्हा विंचू झालेला. नांगीसुद्धा दिसायला लागली होती. मी तिला चिडवलं, आत्या, तुमचा विंचू घरी आला बघा. तीही हसली, पण जीभ कोरडी पडली होती आणि हसताना ओठ दातांना चिकटले. रात्रीपासून पोटऱ्यांत गोळे येतात म्हणाली. मी म्हटलं वय झालं, थंडीही आहे. सूज उतरते आहे आणि भांड्यात लघवी नाही, तर मग पाणी गेलं कुठं, हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. मी भांड्यावरच्या रेघा वाचत बसले.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला इंजेक्शन दिलं. बीपी घेतलं, पण ती आडवी असतानाच. उठवून, बसवून पुन्हा घ्यायला हवं होतं. ते शंभर भरलं आणि मला पुरेसं वाटलं. मग मी औषधांच्या खोलीत गेले. अकराच्या सुमाराला व्हरांड्याच्या टोकाकडून धप्प आवाज आला.

संडासाच्या पायरीशी ती पडली होती. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. तो बघितला आणि खुब्याचं हाड गेलं हे मला कळलं. नाडी बारीक, मधेच चुकणारी. बीपी सत्तर. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, मुलाला हाक मारली, डॉक्टरांना बोलवायला पाठवलं. ती शुद्धीवर होती.

"आत्या, इथं कशाला आलात? भांडं होतं ना खाटेखाली?"

"रोजच येत हुते," ती म्हणाली. "तू आत गेलीस की भिताड धरून यायचे."

"पण कावून?" माझ्या तोंडून गावाकडची बोली निघाली.

तिला बोलताना कळ येत होती. थांबत थांबत तिनं सांगितलं, "माहेरच्या लेकीला मूत उचलाया लावू व्हय गं? अगदीच नसलं तर तू वरडशील. म्हनून तुज्यापुरतं थोडं भांड्यात ठिवायचे. तुला जड व्हायला नगं."

तीनशे आणि अडीचशे जे मी लिहीत होते ते माझ्यापुरतं ठेवलेलं होतं. बाकीचं दोन-दोन लिटर ती रोज लपून टाकून येत होती. मी तो खोटा आकडा डॉक्टरांपुढं ठेवला, डॉक्टरांनी औषध वाढवलं, आणि तिच्या अंगातलं होतं नव्हतं ते पाणी आम्ही काढून घेतलं. मला भिऊन आणि माझ्यावरच्या मायेनं ती रोज त्या पायरीपर्यंत चालत गेली होती.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त घेतलं, मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरवलं. केसपेपरवर त्यांचं बोट वजनाच्या रकान्यावर थांबलं. तिथं पहिल्या दिवशीचं पेन्सिलीतलं 'उद्या' आणि त्याखाली चार कोऱ्या ओळी. असे रकाने मागाहून भरता येतात, भरणारे भरतातही. मी भरले नाहीत, पण त्यात माझा काही मोठेपणा नाही. पेन हातात धरवत नव्हता. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, रागावल्याचंही सांगितलं. ते मोठ्या दवाखान्यासाठीची चिठ्ठी लिहीत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

एकशे आठची गाडी आली. स्ट्रेचर आत सरकवताना आत्यानं माझा पदर धरला. "डाक्टर लई बोलले का गं तुला माज्यापायी?" असं तिनं विचारलं. चूक माझी होती असं मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसती 'नाही' अशी मान हलवली आणि गाडीचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती चाकाची खुर्ची स्टँडजवळच्या गॅरेजवाल्या चाचांकडं ढकलत, खरं तर ओढत नेली. त्यांनी चाक काढलं, आत अडकलेला बँडेजचा गुंता ओढला, दोन थेंब तेल सोडलं. दहा मिनिटांचं काम होतं. पाच दिवस मला त्यासाठी वेळ झाला नव्हता. त्या दिवसापासून आजपर्यंत लघवीच्या इंजेक्शनवरचा एकही रुग्ण मी वजनावाचून ठेवलेला नाही, आणि भांड्यात कमी दिसलं तर ओरडायच्या आधी शेजारी बसून विचारते की तुम्ही नेमकं कुठं जाता. बऱ्याच बाया कुठंतरी जातच असतात.

आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं नाही. हृदयाला भूल झेपणार नाही, असं मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. पाय बांधून तिला घरी पाठवलं. महिनाभर मी नुसतीच जाऊ जाऊ म्हणत होते. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती, दुसरं काही नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि बीपीचं यंत्र पिशवीत घालून वस्तीवर पोचले.

नऊ वाजले होते. सून कापसाला गेलेली, मुलगा बाजाराला. आत्या पडवीत बाजेवर, तीन उशांना टेकून. मला बघून तिचा चेहरा खुलला, आणि मग लगेच ती अस्वस्थ झाली, कारण तिला उठून मला पाणी देता येत नव्हतं. मी माझं माझं पाणी घेतलं. ते तिला बघवेना.

आधी मी माझं बोलून घेतलं. आत्या, चूक माझी होती, मी तुम्हाला वजनाला नेलं नाही आणि वर ओरडले, असं सांगितलं. ती म्हणाली, पडायचं नशिबात हुतं, तू कावून रडतीस. मी काही तिला ते पटवून देऊ शकले नाही. मग सवयीनं पांघरूण बाजूला केलं आणि पाय बघितले. पोटरीवर परत खेकडा बसलेला होता.

"आत्या, गोळी घेता ना?"

तिनं पांघरूण ओढून घेतलं. मी उशीखाली हात घातला. लोणच्याच्या बाटल्या काढायची सवय असलेला हात. लघवीच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, न फोडलेली.

"घेतली की घडीघडी लागतं," ती आढ्याकडं बघत म्हणाली. "सून रानात. पोराला कसं सांगू? तवा ठिवून देते."

माझी जीभ वळवळली. मी ती दातांखाली धरली. श्वास तिचा वाढलेलाच होता, बोलताना दर चार शब्दांनी थांबत होती. आणखी पंधरा दिवस असेच गेले तर ती रिक्षात बसायच्या स्थितीतही राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. बीपी घेतलं, चांगलं होतं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले द्या. मग मी एक गोळी फोडून हातावर घेतली आणि सांगितलं की आता घ्या, दुपारपर्यंत मी आहे.

तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, मी नर्स म्हणून आलेय. ती म्हणाली, नर्स दवाखान्यात, हितं तू माहेरचीच.

"मग माहेरच्या लेकीचं ऐका," मी म्हटलं. "माझ्या आईचं शेवटचं काहीच मला करायला मिळालं नाही. मी पोचायच्या आतच ती गेली होती. एवढं तरी करू द्या."

हे मी तिला पटावं म्हणून बोलले नव्हते. बोलून गेले. तिनं मान माझ्याकडं वळवली. मग तिनं तोंड उघडलं.

अर्ध्या तासानं पहिल्यांदा लागलं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडं मान फिरवली. मी बाजेखालचं भांडं लावलं, काढलं, मोरीत ओतलं, धुऊन आणलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा पदर हनुवटीपर्यंतच होता. मधल्या वेळात ती मला गावाबद्दल विचारत होती, कोण गेलं, कोण राहिलं, पार अजून आहे का. मला फारसं सांगता येत नव्हतं, मग तीच सांगत होती. सुनेला मी फोन लावला आणि ठरवून टाकलं: गोळी पहाटे उठल्या उठल्या द्यायची, म्हणजे रानात जायच्या आत दोन-तीन वेळा होऊन जातं आणि तोवर ती घरात असते. सून म्हणाली, एवढंच हुतं तर आत्याबाईंनी सांगितलं का न्हाई. आत्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एक वाजत आला तेव्हा चौथ्यांदा लागलं. या वेळी तिनं पदराला हात लावला नाही. मी भांडं घेऊन वळले तर पाठीमागून तिचा आवाज आला.

"आता तरी माप घेऊ नगंस, बाय."

नाही घेत, असं मी म्हटलं. मोरीपाशी जाऊन आधी डोळे पुसले. मग ओतलं. माप घेणार नाही म्हटलं तरी ओतताना नजरेला कळतंच. तीनशेच्या आसपास असेल. पण हे माझ्यापुरतं ठेवलेलं नव्हतं, सगळंच्या सगळं होतं.